एकतीस वर्षांचं बेअरिंग दोन वर्षांत का जातं?

सकाळी महापालिकेचं पाणी येऊन खालची टाकी भरली की सोसायटीचा पंप सुरू होतो. एके दिवशी त्याचा आवाज बदलतो. आधी बारीक सूंऽऽ, काही आठवड्यांनी घरघर, आणि शेवटी तळमजल्यावरच्यांची झोप उडवणारी खडखड. वायरमन येतो, मोटरीवर हात ठेवतो आणि सांगतो, ‘बेअरिंग गेलंय.’ म्हणजे शाफ्टला, मोटरीच्या फिरत्या दांड्याला, आधार देऊन सहज फिरू देणारी कडी गेली. नवी जोडी पडते, बिल होतं आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा तीच खडखड.

आता हिशेब मांडून बघू. लहान मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर असलेल्या) पंपाच्या मोटरीत बऱ्याचदा ६२०५ नंबरचं बॉल बेअरिंग असतं. कॅटलॉगमध्ये त्याची क्षमता सुमारे १४,००० न्यूटन दिलेली असते. म्हणजे इतका भार दिला तर ते १० लाख फेरे टिकेल. आपल्या पंपात त्यावर ७०० न्यूटन भार येतो असं धरू. साधारण ७१ किलो वजनाइतका हा भार लहान पंपासाठी सढळच आहे. क्षमतेला भाराने भागायचं आणि उत्तराचा घन करायचा. भागाकार २०, त्याचा घन ८,०००. म्हणजे ८,००० गुणिले १० लाख, ८०० कोटी फेरे. मोटर मिनिटाला २,९०० फेरे घेते, तासाला १ लाख ७४ हजार. त्या हिशेबाने पंप ४५,९०० तासांहून जास्त चालायला हवा. रोज चार तास चालवला तर एकतीस वर्षं!

हे आयुष्यही सरासरी नाही. अशी शंभर बेअरिंगं लावली तर त्यातली नव्वद या मुदतीनंतरही शाबूत असायला हवीत, अशी आयुष्याची व्याख्या आहे. मग आपलंच बेअरिंग दर वेळी उरलेल्या दहांत कसं जातं? कारण ते फिरून फिरून झिजत नाही. पाणी, धूळ, हातोडी, चुकीचं ग्रीस किंवा चुकीचं माप यांपैकी काहीतरी त्याचा जीव घेतं. हे कसं होतं ते कळायला आधी बेअरिंग आतून बघावं लागेल.

घासणं आणि लोळणं

आरशासारखा चकचकीत शाफ्टसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीच्या रांगांसारखा दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात ते फक्त शिखरांवर. तेवढ्याशा जागेत सगळा भार एकवटतो, शिखरं दाबली जातात, एकमेकांना चिकटतात आणि सरकताना तुटतात. घर्षण आणि झीज दोन्ही इथेच जन्मतात. बैलगाडीच्या आखाला काळं वंगण फासायचे ते या शिखरांना एकमेकांपासून लांब ठेवण्यासाठी.

६२०५ च्या जागी २५ मिलिमीटर शाफ्टवर पितळी बुश, म्हणजे छर्रे नसलेली साधी नळी, बसवलं आणि त्याला जेमतेम तेल मिळतंय असं समजा. अशा वेळी घर्षणांक साधारण ०.१ असतो. ७०० न्यूटन भारावर विरोध ७० न्यूटन. शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला ३.८ मीटर वेगाने पळतोय, म्हणजे सुमारे २६६ वॉट नुसत्या घासण्यात जातात आणि बुश तापतं. बॉल बेअरिंगचा घर्षणांक ०.००१५ च्या आसपास. तोच भार, तोच वेग, आणि खर्च फक्त ४ वॉट.

हा फरक घासणं आणि लोळणं यांतला आहे. मार्केट यार्डात तेलाचं भरलेलं पिंप कुणी फरफटत नेत नाही. आडवं पाडून लोटतात. फक्त पिंपाला पुढे मोकळी जमीन लागते आणि यंत्राला जागच्या जागी फिरायचं असतं. म्हणून जमीनच वळवून तिची रिंग केली. शाफ्टवर बसते ती आतली रिंग, बॉडीत, म्हणजे मोटरीच्या कवचात, बसते ती बाहेरची, आणि दोघींच्या खोबणींमधून छर्रे लोळतात. छर्ऱ्यांसाठी रस्ता कधी संपतच नाही.

पण छर्रे नुसते भरून चालत नाही. शेजारशेजारचे दोन छर्रे एकाच दिशेने गरगरत असतील, तर जिथे ते टेकतात तिथे त्यांचे पृष्ठभाग उलट दिशांना पळतात. म्हणजे लोळण्यातून पुन्हा घासणं आलंच. त्यासाठी पत्र्याचा, पितळेचा किंवा नायलॉनचा पिंजरा असतो, त्याला कारखान्यात केज म्हणतात. तो भार अजिबात उचलत नाही, छर्ऱ्यांमधलं अंतर तेवढं राखतो. शाफ्टचे पाच फेरे होतात तेव्हा ६२०५ च्या केजचे साधारण दोन होतात. बेअरिंगचे तुकडे झालेले सापडतात तेव्हा बहुधा हा बिचारा केजच आधी फाटलेला असतो, कारण ग्रीस संपल्याचा पहिला फटका त्याला बसतो.

नऊ छर्रे आणि अर्ध्या मायक्रॉनचं तेल

नेहमीच्या ६२०५ मध्ये जवळपास ८ मिलिमीटरचे नऊ छर्रे असतात. भार नवांत समान वाटला जातो असं वाटेल, पण तसं होत नाही. शाफ्टचं वजन खाली येतं, त्यामुळे वरचे छर्रे मोकळेच फिरतात आणि भार खालच्या तीन-चारांवर पडतो. सगळ्यांत खालच्यावर एकूण भाराच्या पाच-नवमांश पडतो असा ठोकताळा आहे. ७०० न्यूटनांपैकी जवळपास ३९० एकट्यावर! हा चाळीस किलोचा भार छर्रा आणि खोबण यांच्यातल्या एका चिमुकल्या लंबगोलावर येतो, तिळाच्या दाण्याहून लहान. तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट असतो. म्हणूनच पोलादात १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम घालतात. हे पोलाद आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ईएन-३१ नावाने ओळखतात; पाणी दिल्यावर (तापवून एकदम गार करून कडक केल्यावर) त्याची हार्डनेस रॉकवेल सी मापावर ६० च्या आसपास जाते.

खोबणीची गोलाई छर्ऱ्याच्या गोलाईशी तंतोतंत जुळत नाही, ती मुद्दामच किंचित मोकळी ठेवलेली असते. खोबणीची त्रिज्या छर्ऱ्याच्या व्यासाच्या साधारण ५२ टक्के ठेवतात, अगदी ५० नाही. तंतोतंत जुळवली तर छर्रा रुंद पट्ट्यावर टेकेल. त्या पट्ट्याच्या मधल्या आणि कडेच्या भागाचे वेग वेगळे, म्हणजे कडेला घासणं आलं. फार मोकळी ठेवली तर टेकण्याची जागा इतकी लहान होईल की दाब झेपणार नाही. ५२ टक्के ही या दोन्हींतली तडजोड.

या दाबाखाली तेल बाहेर फेकलं जायला हवं. पण तेलावर एवढा प्रचंड दाब आला की क्षणभर त्याचा घट्टपणा अफाट वाढतो, ते जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं आणि छर्ऱ्याखालून निसटण्याआधीच छर्रा पुढे गेलेला असतो. मागे उरतो अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा थर; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. बेअरिंगचं सगळं आयुष्य या थरावर अवलंबून आहे. थर टिकला तर पोलाद पोलादाला लागतच नाही. मग शेवटी जो बिघाड होतो तो पृष्ठभागाखाली: कोट्यवधी वेळा दाबून-सोडून पोलाद आतून थकतं, सूक्ष्म तडा जातो आणि एक दिवस खोबणीतून पापुद्रा निघतो. एकतीस वर्षांनी यायचं मरण ते हेच.

आता या अर्ध्या मायक्रॉनच्या थरात पुण्यातल्या कुठल्याही बांधकामाजवळची धूळ टाका. तिचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा थराच्या कित्येक पट मोठा असू शकतो. छर्रा त्याच्यावरून जातो, खोबणीत खळगा पडतो, खळग्याच्या कडा वर येतात आणि पापुद्रा निघायला तिथून सुरुवात होते. बेअरिंगचं काम मळक्या फडक्यावर, ग्राइंडरच्या शेजारी बसून करू नये ते यासाठी. नुसतं शिस्तीचं कौतुक नाही.

नंबर कसा वाचायचा

नाना पेठेत किंवा भोसरीत दुकानदाराला ‘पंपाचं बेअरिंग द्या’ म्हटलं तर तो नंबर विचारेल, आणि त्याचं बरोबर आहे. ६२०५ मधला ६ म्हणजे खोल खोबणीचं बॉल बेअरिंग. २ ही मालिका, म्हणजे अंगकाठी. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. ही गुणाकाराची युक्ती ०४ पासून पुढे चालते. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. छताच्या पंख्यात सापडणारं ६२०२ म्हणजे १५ चं भोक, ३५ चा बाहेरचा व्यास, ११ रुंदी. ६२०५ चं माप २५, ५२, १५. ६३०५ चं भोक तेच, पण बाहेरून ६२ आणि रुंदी १७. जगात कुठेही घ्या, माप तेच. चिंचवडला एसकेएफच्या कारखान्यात बनलेलं असो की जपानमध्ये, बसायला फरक पडत नाही.

लोक चुकतात ते नंबरानंतरच्या अक्षरांत. झेड-झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती आतल्या रिंगला टेकत नाहीत, त्यामुळे मोठा कचरा अडतो पण पाणी आणि बारीक धूळ शिरते. टू-आर-एस म्हणजे रबरी सील, ती टेकतात. थोडं जास्त घर्षण, पण पंपासारख्या ओल्या जागेत हेच बरं.

सी-थ्री म्हणजे आत जास्त खेळ. छर्रा आणि खोबण यांत मोजून मोकळीक ठेवलेली असते. साध्या ६२०५ मध्ये ती ५ ते २० मायक्रॉन, सी-थ्री मध्ये १३ ते २८. शाफ्टवर घट्ट बसवलं की आतली रिंग ताणली जाते आणि बराचसा खेळ तिथेच संपतो. मोटर चालू झाल्यावर आतली रिंग बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, आणखी थोडा जातो. खेळ शून्याखाली गेला की छर्रे चेपले जातात, उष्णता वाढते, रिंग आणखी फुगते आणि हे चक्र बेअरिंग जाम होईपर्यंत थांबत नाही. म्हणून मोटरीवर सी-थ्री लिहिलेलं असेल तर सी-थ्रीच आणावं. ‘सेमच आहे हो’ ऐकून साधं आणू नये.

छर्रेच का, रोलर का नाही?

छर्रा ठिपक्यावर टेकतो, रोलर रेघेवर. म्हणून रोलर जास्त भार उचलतो, छर्रा जास्त वेग सोसतो. ट्रकच्या चाकात टेपर रोलर, कारण वळणावर आडवा भारही येतो. गिअरबॉक्समध्ये जागा कमी म्हणून सुयांसारखे बारीक रोलर. कन्व्हेयरसारख्या लांब शाफ्टवर पिंपासारखे फुगीर रोलर, कारण शाफ्ट वाकला तरी ते स्वतःला जुळवून घेतात. आपोआप जुळवून घेण्याची ही कल्पना स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीतून आली. चिकणमातीच्या जमिनीमुळे तिथले लांब शाफ्ट सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंगं सतत जात. गिरणीतला अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने १९०७ मध्ये त्यावर स्वतःला जुळवून घेणारं बॉल बेअरिंग काढलं आणि त्याच वर्षी एसकेएफ सुरू झाली.

साधं बुश जुनाट झालं असंही समजू नका. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आजही साध्या शेल बेअरिंगवरच फिरतो. तिथे पुरेसं तेल दाबाने येतं, शाफ्ट वेगाने फिरत स्वतःखाली तेल ओढतो आणि त्यावर तरंगतो. अशा वेळी बुशचं घर्षण बॉल बेअरिंगच्या तोडीचं असतं. उसाच्या रसात आणि चोथ्यात, मिनिटाला मोजके फेरे घेत, प्रचंड दाब सोसणाऱ्या साखर कारखान्यातल्या जुन्या मिल रोलरना ब्राँझची बेअरिंगंच असत. तिथे घर्षणापेक्षा दणका सोसणं महत्त्वाचं.

सायकलीच्या पुढच्या हबमध्ये वाटी, कोन (शंकूसारखा नट) आणि दर बाजूला ३/१६ इंचाचे दहा छर्रे असतात. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात हे ज्ञान एकेकाळी गल्लोगल्ली होतं. कोन फार आवळला तर चाक जड जातं आणि खोबण खाल्ली जाते. ढिला राहिला तर चाक डुगडुगतं. चेपल्या छर्ऱ्यांचं आणि सी-थ्रीचं सगळं शास्त्र दोन पान्यांनी हाताला कळायचं.

पाणी, हातोडी आणि ग्रीस

सोसायटीच्या पंपात पहिला संशय पाण्यावर घ्यावा. पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर असतात, मध्ये पाणी अडवणारं मेकॅनिकल सील किंवा ग्लँडची दोरी. ती गळायला लागली की पाणी शाफ्टवरून सरकत थेट पुढच्या बेअरिंगपर्यंत जातं. ते अडवायला शाफ्टवर एक रबरी चकती असते, फिरताना पाणी बाहेर फेकणारी. मोटर खोलल्यावर ती हरवते किंवा फाटते आणि ‘चालतंय की’ म्हणून तशीच जोडली जाते. पुढे पावसाळा आला की बेअरिंग गंजतं. गळती न थांबवता दर वर्षी बेअरिंग बदलणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून रोज फरशी पुसणं.

दुसरा गुन्हेगार हातोडी. बाहेरच्या रिंगवर ठोकून बेअरिंग शाफ्टवर चढवलं की सगळा धक्का छर्ऱ्यांमधून जातो आणि नव्या खोबणीत छर्ऱ्यांच्या अंतरावर खळगे पडतात. नियम सोपा: जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच जोर द्यायचा. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगला टेकेल असा पाइप, बॉडीत बसवताना बाहेरच्या रिंगला टेकेल असा.

तिसरं म्हणजे ग्रीस, आणि तेही बहुतेकदा जास्त झालेलं. प्रेमाने ठासून भरलेलं ग्रीस छर्रे घुसळत राहतात, तापमान चढतं, तेल सुटून वाहून जातं आणि साबणासारखा चिकट गाळ मागे राहतो. उघड्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसरा हिस्सा ते निम्मी जागा भरली की पुरे. मोजूनच घालायचं असेल तर बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६२०५ ला ५२ गुणिले १५ गुणिले ०.००५, म्हणजे ३.९ ग्रॅम, एक लहान चमचा. वेगवेगळी ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत: लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. तापमान ७० अंशांच्या वर गेलं की दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्या बेअरिंगला मात्र ग्रीस घालायला जाऊ नका, ते कारखान्यातूनच भरून येतं.

न फिरता बिघडणारं बेअरिंगही असतं. चालू पंपाशेजारी राखीव पंप महिनोन्महिने उभा असतो. शेजारच्या थरथरीने त्याचे छर्रे एकाच जागी कुरतडत बसतात, तिथलं तेल बाजूला होतं आणि लालसर भुकटीसह खाचा पडतात. ऐन उन्हाळ्यात राखीव पंप लावावा, तर पहिल्या मिनिटापासून तो खडखडतो. उपाय फुकटचा आहे: दर आठवड्याला पंपांची आलटापालट करावी.

नव्या टॉवरमध्ये पाण्याचा दाब कायम ठेवणारे पंप व्हीएफडीवर, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालतात. त्या ड्राइव्हमुळे शाफ्टवर विद्युत दाब साठतो आणि बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरातून ठिणग्या उडतात. दर ठिणगीला एक सूक्ष्म खड्डा. पुढे खोबणीवर नालीदार पत्र्यासारख्या एकसारख्या लाटा उमटतात आणि बेअरिंग भुणभुणतं. अशा मोटरीला नुसतं नवं बेअरिंग घालून उपयोग नाही. अर्थिंग आणि शिल्डेड केबल तपासावी, इन्सुलेटेड किंवा सिरॅमिक छर्ऱ्यांचं बेअरिंग, नाहीतर शाफ्टला अर्थिंग ब्रश लावावा. वेल्डिंगलाही हेच लागू: अर्थचा क्लॅम्प नेहमी जोडाच्या जवळ लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधूनच रस्ता काढतो.

बदलताना

मेन स्विच बंद करून फ्यूज काढावा. कव्हर खोलण्याआधी दोन्ही बाजूंना पंचने खूण करावी. जुनं बेअरिंग पुलरने आतल्या रिंगला धरून काढावं.

नवं लगेच पाकिटातून काढू नका. आधी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. २५ मिलिमीटरच्या जागेवर के-५ (घट्ट बसण्यासाठीचं ठरलेलं माप) फिट असेल तर शाफ्ट २५.००२ ते २५.०११ भरला पाहिजे; बेअरिंगचं भोक २५.००० ते २४.९९० असतं, म्हणून ते आवळून बसतं. बॉडीचं भोक ५२.००० ते ५२.०३०, म्हणजे बाहेरची रिंग हाताने सरकेल इतकी सैल. असं का? फिरत्या रिंगवर भाराची जागा सतत बदलते. ती सैल राहिली तर शाफ्टवर हळूहळू रांगते आणि शाफ्ट खाते. बाहेरची रिंग स्थिर असते, तिला थोडं सैल चालतं. एका बाजूला तर ती सरकायलाच हवी: दोन बेअरिंगांत ३०० मिलिमीटर अंतर असेल आणि शाफ्ट बॉडीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापला, तर तो जवळजवळ ११० मायक्रॉन लांबतो. दोन्ही टोकं जखडली तर हा सगळा ताण छर्ऱ्यांवर जातो. सरकत्या बाजूला लाटदार वॉशर असतो. रिवाइंडिंग करून आलेल्या मोटरीबरोबर ‘हा एक उरला’ म्हणून पिशवीत परत मिळतो तो बहुधा हाच.

शाफ्ट खाल्लेला असेल तर त्यावर पंचचे ठोके मारून किंवा पत्रा गुंडाळून बेअरिंग बसवण्याची पद्धत फार बोकाळली आहे. पंचच्या ठोक्यांनी काही टोकं तेवढी वर येतात. बेअरिंग त्या टोकांवर बसतं, काही दिवसांत टोकं चेपतात आणि पुन्हा सैल. शिवाय रिंग वेडीवाकडी होते. मेटल स्प्रेने धातूचा थर चढवून ग्राइंडिंग करणं किंवा वर स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवणं, हेच खरे उपाय.

माप बरोबर असेल तर उघडं बेअरिंग ११० अंशांपर्यंत तापवावं. खोलीचं तापमान ३० धरलं तर ८० अंशांची वाढ. २५ मिलिमीटरचं भोक त्याने २४ मायक्रॉन फुगतं आणि जास्तीत जास्त घट्टपणा २१ मायक्रॉनचा. म्हणजे अलगद बसतं. गॅसच्या ज्योतीने तापवू नये, पोलादाचं पाणी उतरतं. इंडक्शन हीटर सगळ्यांत चांगला. सील आणि ग्रीस असलेलं बेअरिंग ८० अंशांपुढे नेऊ नये आणि तेलात तर बुडवूच नये. पाइपने किंवा प्रेसने थंडच बसवावं. गरम बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला टेकवलं की गार होईपर्यंत दाबून धरावं, नाहीतर आकसताना खांद्यापासून सुटतं आणि बारीक फट राहते.

एक वाईट खोड आहे. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन हवेच्या नळीने सूंऽऽ करून फिरवायचं. वंगण नसलेले छर्रे काही सेकंदांतच खोबण ओरबाडतात, हवेतलं पाणी आत जातं, आणि बेअरिंग फुटलं तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. नव्या बेअरिंगवरचं तेलही धुऊ नका, ते गंजरोधक असतं. घामट बोटांचे ठसे पोलादावर गंजतात, म्हणून हातमोजे किंवा निदान कोरडे हात हवेत.

आवाज आणि जुनं बेअरिंग

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागेवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की आतलं ऐकू येतं. फिरत्या भागांपासून टोक दूर ठेवा एवढंच. सलग मऊ सरसर ठीक. कोरडी किंचाळी म्हणजे ग्रीस संपलं. ठरावीक अंतराने टकटक म्हणजे खोबणीला किंवा छर्ऱ्याला इजा. यंत्रणेने मोजलं तर हेच आकड्यांत येतं: २,९०० फेऱ्यांच्या ६२०५ मध्ये बाहेरच्या रिंगवर एक खळगा असेल तर सेकंदाला सुमारे १७३ टोले पडतात, आतल्या रिंगवर असेल तर २६२. कंपनं मोजणारा कुठली रिंग गेली ते मोटर न खोलता सांगतो ते याच हिशेबावर.

काढलेलं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. बाहेरची रिंग ग्राइंडरने कापून खोबण बघा. चालल्याची पट्टी खालच्या अर्ध्या भागात, सरळ मध्यावर असेल तर ते ठीक चाललं. तिरपी असेल तर शाफ्ट आणि बॉडी एका रेषेत नव्हते. संपूर्ण गोल असेल तर छर्रे चेपलेले होते, किंवा रिंग बॉडीत फिरत होती. छर्ऱ्यांच्या अंतरावर खळगे म्हणजे हातोडी. काळसर-तपकिरी डाग म्हणजे पाणी. निळसर झाक म्हणजे फार तापलं. नालीदार लाटा म्हणजे करंट. शाफ्टच्या बाजूने आतल्या रिंगच्या भोकात चकाकी किंवा तांबूस भुकटी असेल तर ती सैल बसली होती आणि नवं बेअरिंगही तसंच जाईल.

नवं बसवून पंप सुरू केल्यावर पहिला तासभर तिथलं तापमान चढतं. ग्रीस आपली जागा शोधत असतं. मग ते थोडं उतरून स्थिरावतं. न थांबता चढतच राहिलं तर पंप बंद करा आणि ग्रीस जास्त झालंय की वॉशर राहिलाय ते आधी बघा.